दाखल्यावर शहाण्णव हजार, जर्मनीला बारा लाख?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी शिक्षणाचे पैसे ‘घरबसल्या, दहा मिनिटांत’ कसे पाठवावेत, हा आपल्या रविवारच्या पुरवणीतला लेख काल सोमवारी वाचला. (रविवारचा अंक सोमवारी का, ते शेवटी येईलच.) लेखकाचे घर कुठे आहे ते दिलेले नाही. वरुड तालुक्यात नक्की नसावे. मला त्या दहा मिनिटांना सतरा दिवस लागले, आणि त्यातले चार दिवस मी घरी नव्हे, अमरावतीच्या एका बँकेतल्या लोखंडी बाकड्यावर बसून काढले.

मुलगी जर्मनीला एम.एस.साठी गेली. विद्यापीठ सरकारी, त्यामुळे शिकवणीची फी नाही. पण व्हिसाआधी वर्षभराच्या खर्चाचे 11,904 युरो तिकडच्या ‘ब्लॉक्ड’ खात्यात भरून दाखवावे लागतात. त्यातून तिला दरमहा 992 मिळतात. बारा गुणिले 992, हिशेब चोख. या सगळ्या प्रकरणात पहिल्या वाचनात मला समजलेली ही एकच गोष्ट.

आमच्या गावच्या शाखेचे मॅनेजर भले माणूस. पीककर्जाच्या फॉर्मचा गठ्ठा त्यांच्या टेबलावर कायम असतो, पण परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. “परकीय चलनाचं आपल्याकडे होत नाही, जिल्ह्याला जा.” गेलो. प्रवेशाचे पत्र, मुलीचा पासपोर्ट, माझे पॅन, ब्लॉक्ड खात्याचे पत्र, सगळे एका फाइलीत. काउंटरवरच्या मॅडमनी फाइल चाळली आणि म्हणाल्या, “काका, तीन वर्षांचे आयटीआर?”

मी म्हटले, संत्र्याची बाग आहे, दुसरे उत्पन्न नाही. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, म्हणून रिटर्न कधी भरले नाही. “मग एवढे पैसे आले कुठून?” मी सातबारा दिला, आठ-अ दिला, आणि दीड एकर ओलिताची जमीन विकली त्याचे खरेदीखत दिले. रक्कम चेकने आलेली, त्याच बँकेच्या माझ्या बावीस वर्षे जुन्या खात्यात. पासबुकात बोट ठेवून दाखवली.

एवढ्यावर भागले असते. पण फाइलीच्या तळाशी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला टाचलेला राहिला होता. इंजिनीअरिंगला फी सवलतीसाठी काढला होता तो. मॅडमनी तो दोन बोटांत धरून वर उचलला, जसे काही कुजके फळ. “वार्षिक उत्पन्न शहाण्णव हजार. आणि जर्मनीला बारा लाख?” शेजारच्या खिडकीवरचा माणूसही वळून बघायला लागला. संपादक महोदय, गावातल्या कोणाचा दाखला लाखाच्या फार वर असतो ते तुम्हीच शोधून काढा. तलाठी विचारतो, “किती टाकू?” आणि आपण सांगतो. ही चूक माझी, कबूल आहे. पण खरेदीखत तर सरकारी नोंदणीचे होते ना? वापरलेला मुद्रांक खरा, शिक्का खरा. त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. चर्चा सगळी शहाण्णव हजारांची.

शेवटी सीएचे पत्र आणा म्हणाले. सीएने दोन हजार घेतले आणि खरेदीखतात जे लिहिले होते तेच इंग्रजीत लिहून दिले. ते चालले.

यात दिवस गेले आणि युरो तेवढे दिवस थांबला नाही. जूनच्या सुरुवातीला बँकेचा विक्री दर 98 च्या आसपास होता, पैसे निघाले तेव्हा 101. तीन रुपये म्हणजे काय, असे कोणी म्हणेल. 11,904 ने गुणून बघा. पस्तीस हजारांवर जातात. आंबिया बहाराची फळगळ निदान डोळ्यांना दिसते, ही गळ दिसतही नाही.

आता टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच कापून घेते तो कर. 2025 मध्ये दहा लाखांपर्यंत कापत नव्हते, त्यावरच्या रकमेवर शिक्षणासाठी 5 टक्के कापत. माझे 10,115 रुपये गेले. आपल्या लेखात म्हटले आहे की काळजी नको, रिटर्न भरल्यावर परत मिळतात. म्हणजे ज्याच्या उत्पन्नाला कर नाही, त्याने स्वतःचेच पैसे मागायला पुढच्या वर्षी रिटर्न भरायचे, आणि रिटर्न नाही म्हणून आधी सतरा दिवस ताटकळायचे! खरी गंमत पुढे. हेच पैसे बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवले असते, तर 1 एप्रिल 2025 पासून एक रुपयाही कापला गेला नसता. वावर विकून पाठवले म्हणून कापले. शेजारचे भाऊ म्हणाले, “कर्ज न काढल्याचा दंड हाय हा!” माझ्याजवळ याला उत्तर नव्हते. आपल्या लेखकाजवळ असेल तर छापावे.

माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवायची मुभा आहे, हेही लेखात ठळक चौकटीत दिले आहे. वाचून ऊर भरून आला. मला त्यातले जेमतेम चौदा हजार डॉलरच लागत होते.

आणि पैसे पोचले तेही पूर्ण नाहीत. आठवड्याने मुलीचा फोन, “बाबा, अठरा युरो कमी आहेत.” फॉर्मवर एक चौकोन असतो, मधल्या बँकांचा खर्च कोणी सोसायचा याचा. ओयूआर म्हणजे पाठवणाऱ्याने, एसएचए म्हणजे दोघांनी वाटून. मॅडमनी मला न विचारता दुसऱ्यावर टिक केली होती. वाटेतल्या कुठल्या तरी बँकेने आपले अठरा युरो उचलले. रक्कम पूर्ण नाही, म्हणून खात्याचे पत्र अडले, म्हणून व्हिसाचे कागद अडले. पुन्हा अमरावती. पुन्हा ए-टू, पुन्हा पॅनची झेरॉक्स, पुन्हा सीएचे पत्र (होय, अठरा युरोसाठी). 1,818 रुपये पाठवायला बँकेचा आकार 1,180, चलन बदलाचा जीएसटी 45, आणि दहा लाखांची मर्यादा आधीच ओलांडलेली म्हणून टीसीएस 91. पावती जपून ठेवली आहे. पुरवणीच्या पुढच्या अंकात चौकटीत टाकायची असेल तर आनंदाने पाठवीन.

मुलगी पोचली, शिकते आहे, तक्रार तिची नाही. माझे म्हणणे एवढेच की असे लेख छापताना एखाद्या तालुक्याच्या शाखेत जाऊन ए-टू फॉर्म मागून बघावा. पुण्यातल्या सल्लागाराचा फोन नंबर खाली देऊन भागत नाही.

आता अंकाचे. आमच्या गावची सकाळची एसटी दिवाळीपासून बंद आहे. तिच्यातूनच आपल्या अंकाचा गठ्ठा येत असे. आता तो दुपारच्या गाडीने येतो, तीही रविवारी नसते. मी अमरावतीला गेलो तेव्हा सकाळची एसटी सुरू असल्याने निदान अकराच्या आत काउंटर गाठत होतो. आता कोणाच्या पोराचे पैसे पाठवायचे असतील तर त्याला आदल्या दिवशी मुक्कामाला जावे लागेल. आगाराला दोन अर्ज दिले, उत्तर नाही. आपल्या वितरण विभागालाही एक दिला होता.

आपला,
एक संत्रा बागायतदार
ता. वरुड, जि. अमरावती