बाबा, ती गोळी मनाने बंद करू नका

आई-बाबा,

काल फोनवर बाबा म्हणाले ना, फोडांची खाज गेली आता कशाला ती स्टिरॉइडची गोळी, दोन दिवस झाले बंद केलीय, तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. फोनवर तुम्ही दोघं ऐकून घेत नाही म्हणून लिहितेय. आई, चष्मा लावून मोठ्याने वाच आणि बाबांना समोर बसव.

आधी डॉक्टरांना फोन लावा, आत्ताच, पत्र नंतर वाचा. दोन महिने रोज बाहेरून स्टिरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, मग एकदम बंद केलं तर माणूस गळून जातो, चक्कर, उलट्या, बीपी खाली, आणि फोड परत उसळतात ते वेगळंच. ही गोळी हळूहळूच उतरवायची असते, डॉक्टर सांगतील तशी.

आई, तू विचारलंस ना हे नक्की झालंय काय. तुझी गोधडी आठव, वरचं लुगडं आणि खालचं लुगडं टाक्यांनी धरलेलं असतं. कातडीचंही तसंच, वरचा थर खालच्या थराला बारीक प्रथिनांच्या टाक्यांनी धरलेला असतो. बाबांच्या रक्तातल्या अँटिबॉडी, ज्या जंतूंवर जायला हव्यात, त्या ह्या टाक्यांवरच जातात, टाके उसवतात आणि मधे पाणी भरतं. म्हणून तो मांडीवरचा फोड टपोऱ्या द्राक्षासारखा टणक होता, कपडा घासला तरी फुटत नव्हता. ह्याला बुलस पेम्फिगॉइड म्हणतात. पेम्फिगस वेगळा, त्यात वरच्या थराच्या आतलेच टाके सुटतात, फोड लिबलिबीत असतात आणि बऱ्याचदा आधी तोंडात येतात. 1953 साली लिव्हर नावाच्या डॉक्टरांनी हे दोन वेगळे आहेत असं दाखवलं, तोवर मोठमोठे डॉक्टर एकच समजायचे. आपल्याकडे तीन महिने खरजेचं मलम आणि अ‍ॅलर्जीच्या गोळ्या चालल्या त्याचा मला फार राग होता, पण फोड यायच्या आधी महिनोन्‌महिने नुसती खाज असू शकते हे इथल्या कातडीच्या डॉक्टर मॅडमनी सांगितल्यावर जरा निवळला. त्यांनी दोन तुकडे काढले ते ह्यासाठीच, एक फोडाच्या कडेचा आणि एक शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीचा, त्या दुसऱ्यात मायक्रोस्कोपखाली अँटिबॉडीची हिरवी रेघ चमकली.

आई, ही नागीण नाही, काकूंनी दिलेला गेरू लावू नकोस. आणि हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही. बाबांचं ताट-तांब्या वेगळं ठेवलंयस ना, ते मागच्या वेळी बघून मला रडू आलं, काही बोलले नाही तेव्हा. परत मांडणीत ठेव. चिंटूलाही त्यांच्याजवळ बसू दे.

बाबा, शुगरची विल्डाग्लिप्टिन बदलून दिलीय त्याला कारण आहे, त्या गटातल्या गोळ्यांनी काही वयस्कर लोकांत हाच आजार सुरू होतो. कपाटात जुन्या स्ट्रिप उरल्यात त्या वाया जातील म्हणून घेऊ नका, प्लीज. स्टिरॉइडने शुगर चढते तेव्हा सकाळची तपासणी चुकवू नका, आणि ताप आला किंवा जखमेतून पू दिसला तर माझ्या फोनची वाट बघू नका, सरळ दवाखान्यात जा.

क्लोबेटॅसॉलचं मलम चिकट होतं म्हणून तुम्ही नुसतं फोडावर लावता. मॅडमनी अंगभर लावायला सांगितलंय तसंच लावा. 2002 साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी ताडून पाहिलंय, ज्यांना फोड खूप होते त्यांना नुसत्या गोळ्यांपेक्षा अंगभर मलमाने जास्त बरं पडलं. पाठीला आई लावेल, हाताला तेवढा ग्लोव्ह घाल गं. फोडाची कातडी सोलू नका, तीच त्याची पट्टी आहे, मोठा असला तर नर्सकडून पाणी काढून घ्यायचं आणि वरची साल तशीच ठेवायची.

पाठ चादरीला चिकटते म्हणालात ना, मागच्या दारची केळीची पानं स्वच्छ धुवून पुसून अंथरा, अशा पेशंटना हॉस्पिटलातही अंथरतात. मी शनिवारी पहाटेच्या एसटीने येतेय, मलमाच्या ट्यूब घेऊन. फोन केलात की डॉक्टर काय म्हणाले ते आधी मेसेज करा.

तुमची,
ताई