हाताशी आहे तिथून सुरुवात

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. शिक्षकांनी आता उद्योजकासारखा विचार करायला हवा, असं तुमच्या बैठकीत सांगितलं गेलं आणि तू भडकलास, याचं मला नवल वाटलं नाही. मुलं म्हणजे गिऱ्हाइकं नव्हेत आणि वर्ग म्हणजे दुकान नव्हे, असं तू लिहिलंयस. अगदी कबूल. पण त्याच पत्रात जाता जाता तू तुझ्या वर्गात सारख्या गैरहजर राहणाऱ्या मुलांबद्दलही लिहिलंयस. हजर असलेल्या मुलांकडून झालेल्या पाठाचं पाचेक मिनिटांचं ध्वनिमुद्रण करून घ्यायचं आणि ज्यांचा पाठ बुडाला त्यांच्यापर्यंत ते पोचवायचं, हे तुझ्या डोक्यात घोळतंय. अरे, ज्या गोष्टीवर तू इतका चिडलायस, तीच करायला निघालायस की! तेवढं तुझ्या गळी उतरवावं म्हणून हे लांबलचक पत्र.

सरस सरस्वती नावाच्या एक अभ्यासक आहेत. मोठ्या कंपन्या उभ्या केलेल्या २७ अनुभवी उद्योजकांना त्यांनी एका काल्पनिक उत्पादनाबद्दलचे प्रश्न सोडवायला दिले आणि सोडवताना जे मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहायला सांगितलं. २००१ साली त्यांनी त्यावरची मांडणी प्रसिद्ध केली. आपल्याला वाटतं, उद्योजक म्हणजे आधी मोठं ध्येय ठरवणार, बाजाराची पाहणी करणार, भांडवल जमवणार आणि मग उडी घेणार. ही मुरलेली माणसं तशी विचारच करत नव्हती. मी कोण, मला काय येतं, माझ्या ओळखीचं कोण आहे, इथून ती सुरुवात करत होती. आणि यातून किती मिळेल याच्याआधी ती विचारत होती की, हे फसलं तर किती नुकसान मला सोसेल.

आता सांग, यात विक्री कुठे आली? चांगला शिक्षक तरी दुसरं काय करतो? त्याच्याकडे भांडवल कधीच नसतं. असतो तो एक वर्ग, ठरलेल्या तासिका, थोडंफार सामान, चार सहकारी आणि मुलं. त्यातूनच काहीतरी उभं करायचं, ते चालतंय का हे प्रामाणिकपणे बघायचं, नसेल चालत तर बदलायचं. या वृत्तीलाच मी उद्योजकता मानतो. बाकी भाषणांमध्ये जे काही सांगतात ते सोडून दे.

मला यात सगळ्यात जवळचा वाटतो तो सेलेस्तँ फ्रेने. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसाला गोळी लागली. १९२० साली दक्षिण फ्रान्समधल्या बार-सुर-लू गावच्या शाळेत तो शिक्षक म्हणून रुजू झाला, तेव्हा त्याला सलग बोलायला दम पुरत नव्हता. शिक्षकाचं मुख्य हत्यारच निकामी! दुसरा कोणी असता तर नोकरी सोडून बसला असता किंवा तसाच रेटत राहिला असता. फ्रेने मुलांना घेऊन बाहेर पडायला लागला. शेत, ओढा, विणकराचा माग, जे दिसेल ते बघायचं आणि परत आल्यावर त्याबद्दल मुलांनी बोलायचं, लिहायचं. पण फळ्यावर लिहिलेला तो मजकूर पुसला जायचा आणि पाठ्यपुस्तक उघडलं की मुलांचे चेहरे पुन्हा पडायचे. तेव्हा १९२४ साली त्यानं वर्गात हातानं चालवायचा छोटा छापखाना आणला.

त्या छापखान्यापाशी काय घडत असेल याची कल्पना कर. शिशाचा एकेक खिळा, म्हणजे छपाईचं सुटं अक्षर, उचलायचा, तो उलटा असतो म्हणून नीट निरखायचा, ओळीत बसवायचा. वहीत घाईघाईनं चुकीचा लिहिलेला शब्द इथे तसा सुटत नाही, कारण प्रत्येक अक्षर बोटांमधून जातं. शिवाय छापायचा मजकूर कोणता, हे मुलांनी मिळून निवडायचं, म्हणजे कुणाचं लिखाण चांगलं आणि का, यावर चर्चा आलीच. शाई लावून कागद उचलला की आपलंच वाक्य पुस्तकातल्यासारखं समोर. पुढे फ्रान्सच्याच ब्रिटनी भागातल्या एका शाळेशी या कागदांची देवाणघेवाण सुरू झाली. डोंगराकडची मुलं समुद्रकाठच्या मुलांना लिहायला लागली आणि शुद्धलेखनाला एकदम कारण मिळालं: पलीकडे वाचणारं कुणीतरी होतं.

या गोष्टीत मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे की, फ्रेनेनं शिक्षणक्रांती करायची असं ठरवून छापखाना आणला नव्हता. त्याला सलग बोलता येत नव्हतं. जी अडचण समोर होती तिच्यातूनच त्यानं वाट काढली. आणि वाट सापडल्यावर ती मुठीत झाकून ठेवली नाही. इतर शिक्षकांना त्यानं सोबत घेतलं, त्यांची सहकारी संस्था उभी राहिली, एकमेकांचं साहित्य एकमेकांना मिळू लागलं. तुझ्या मनातला उद्योजक नफेखोर आहे. माझ्या मनातला असा आहे.

मारिया माँटेसरीचंही थोडं सांगतो. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेंझो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत तिचं पहिलं बालगृह सुरू झालं. आईबाप कामावर गेल्यावर मुलं इमारतींची नासधूस करतात, म्हणून त्यांना सांभाळायला कुणीतरी हवं होतं. इमारतवाल्यांची गरज एवढीच. माँटेसरीनं ती संधी घेतली. तिथे साहित्य एका कपाटात कुलूपबंद असायचं आणि बाई ते वाटायच्या. एकदा कपाट उघडंच राहिलं आणि मुलांनी आपापलं साहित्य काढून काम सुरू केलं. बाईंना ती चोरी वाटली. माँटेसरीला त्यात दिसलं की, मुलांना आता स्वतः निवडता येतंय. मग उंच कपाटाच्या जागी मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी कपाटं आली. याउलट, मोठ्या हौसेनं ठेवलेल्या खेळण्यांकडे मुलं फिरकेनात, म्हणून ती तिनं काढून टाकली. आपण हौसेनं आणलेलं काढून टाकायला किती मोठं मन लागतं, हे तुला आणि मला चांगलं ठाऊक आहे.

हे सगळं थोरामोठ्यांचं झालं. मी पाहिलेलं एक सांगतो. माझ्या ओळखीच्या एक गणिताच्या बाई आहेत. पाचवीच्या वर्गात त्यांनी विचारलं, १/३ मोठा की १/४? बहुतेक मुलं म्हणाली १/४, कारण ४ हा ३ पेक्षा मोठा. नियम आधीच शिकवून झाला होता, प्रत्येकाच्या वहीत तो सुवाच्य अक्षरात उतरलेलाही होता. बाईंनी पाठकोऱ्या कागदांच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या कापून आणल्या आणि एकाच तुकडीत वाटल्या. घड्या घालून दोन आणि चार समान भाग पटकन झाले. तीन समान भाग करताना सगळेच अडले. शेवटच्या बाकावरची एक मुलगी घडी घालायची, उलगडायची, तिसरा भाग लहान झाला की परत घालायची. बराच वेळ तिचं हेच चाललं होतं. मग दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून ती म्हणाली, “बाई, जास्त जणांत वाटलं की वाटणी बारकी होते.”

दुसरं कुणी असतं तर इथे टाळ्या वाजवून पुढचा धडा घेतला असता. बाईंनी तास संपताना हातभर कागद फाडून चिठ्ठ्या केल्या आणि एकच प्रश्न दिला: ७/८ मोठा की २/३? चिठ्ठ्या वाचल्यावर लक्षात आलं, आता बरीच मुलं २/३ म्हणतायत. खालचा आकडा मोठा म्हणजे अपूर्णांक लहान, असा नवाच चुकीचा नियम त्यांनी पट्ट्यांवरूनच बनवला होता. दुसऱ्या दिवशी बाईंनी ठरलेला पाठ बाजूला ठेवला आणि त्याच पट्ट्यांवर किती भाग रंगवले ते मोजायला लावलं. सगळं नीट बसल्यावरच पट्ट्या दुसऱ्या तुकडीत गेल्या आणि शेजारच्या वर्गावरच्या सरांनीही मागून नेल्या. या बाईंना कुणी उद्योजक म्हणत नाही. माझ्या लेखी त्यांच्याएवढी उद्योजक वृत्ती मोठमोठ्या कार्यालयांतही क्वचित दिसते.

पण तुझ्या रागातला एक भाग शंभर टक्के खरा आहे आणि तो मला नीट मांडायचाय. व्यावसायिक बुडाला तर पैसा बुडतो, आणि पैसा पुन्हा उभा करता येतो. आपण प्रयोग करतो तो मुलाच्या वर्षावर. सातवीतलं वर्ष त्या मुलाला एकदाच मिळतं. ‘लवकर चुका, लवकर शिका’ हे वाक्य शाळेत उचलून आणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं. म्हणून सोसेल इतकं नुकसान हे आपल्यासाठी रुपयांत मोजायचं नाहीच. प्रयोग फसला तर कोणत्या मुलाचं काय राहून जाईल, ते किती दिवसांत भरून काढता येईल आणि कसं, हे मोजायचं. ज्याचं आधीच मागे पडलंय, त्याच्यावर पहिली चाचणी करू नये. दोन तासिकांत भरून निघेल एवढीच जोखीम घ्यावी. हे बंधन मला जाचक वाटत नाही. उलट त्यामुळेच आपले प्रयोग लहान, नेमके आणि तपासता येण्याजोगे राहतात.

दुसरी गोष्ट संस्थांची. एका शाळेत मी बघितलं, नवोपक्रमाच्या नावाखाली शिक्षकांना अर्ज, अहवाल, फोटो आणि सादरीकरणं यांतच अडकवून टाकलं होतं. वेळ दिला नाही, तासिका कमी केल्या नाहीत, न जमलेल्या प्रयोगाबद्दल बोलायची सोय ठेवली नाही. मग जो तो आधीच यशस्वी झालेला उपक्रम कागदावर आणायला लागला. याचा मला मनापासून संताप येतो. शिक्षकानं पुढाकार घ्यावा असं वाटत असेल, तर त्याला आठवड्यात एक मोकळी तासिका द्या, शेजारच्या वर्गात जाऊन बसायची मुभा द्या आणि ‘हे जमलं नाही’ असं लिहिलेला अहवाल शाबासकीनं स्वीकारा. पदरमोड आणि रात्रीची झोप यांवर चाललेलं काम फार दिवस टिकत नाही, आणि टिकावं अशी अपेक्षा ठेवणंही अन्यायाचं आहे.

चांगलं काम वाढवायचं कसं, याचाही धडा एका ठिकाणी मिळतो. कोलंबियातल्या ग्रामीण शाळांत एकच शिक्षक अनेक इयत्ता सांभाळायचा. १९७० च्या दशकाच्या मध्यावर विकी कोल्बर्ट आणि तिच्या सहकाऱ्यांनी ‘एस्कुएला नुएवा’ म्हणजे नवी शाळा ही पद्धत उभी केली. मुलांनी आपापल्या गतीनं आणि गटात शिकायचं, त्यासाठी स्वयंअध्ययनाच्या पुस्तिका, वर्गाच्या कारभारात मुलांचं स्वतःचं मंडळ. शिक्षकांनी एकमेकांच्या शाळेत जाऊन प्रत्यक्ष बघायचं, हा त्यातला कणा. १९८० च्या दशकात ते राष्ट्रीय धोरण झालं. पुढे विस्तार झाला तसं काही शाळांत पुस्तिका पोचल्या, पण पद्धत पुरती रुजली नाही. कोल्बर्टनं १९८७ साली वेगळी संस्था काढून ते काम चालू ठेवलं. पुस्तिका वाटता येतात, पण त्या वापरणाऱ्या शिक्षकाला दुसऱ्या शिक्षकाचा वर्ग बघायला मिळाला नाही, तर उपयोग होत नाही.

पैशाबद्दल तू विचारलंयस, म्हणून थोडक्यात. स्वतःच्या वेळात केलेलं साहित्य शिक्षकानं विकलं तर त्यात मला गैर काही दिसत नाही. आपल्याच वर्गातल्या मुलाला ते विकत घ्यायला लावणं मात्र साफ चूक. सहकाऱ्यांना तर मागितलं की द्यावं.

आता तुझं ध्वनिमुद्रण. एकच वर्ग घे, एकच घटक घे. विज्ञानातला असा निवड, की जो फक्त ऐकूनही कळेल. आकृत्यांवर उभा असलेला घटक या कामाला निरुपयोगी. कोणत्या घरी फोन आहे आणि तो मुलाच्या हाती कधी येतो, हे आधी विचार, नाहीतर ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तोच बाहेर राहील. फोन नसेल त्याच्यासाठी शाळेत आल्यावर ऐकायची सोय कर. मुद्रण करणारी मुलंही बदलती ठेव. पाच मिनिटांत समजावून सांगायचं म्हणजे आधी स्वतःला कळावं लागतं, त्यामुळे कदाचित जास्त फायदा सांगणाऱ्यांचाच होईल. तसं झालं तर तेही नोंदव, कारण मग योजनेचा रोखच बदलावा लागेल. आणि सुरू करण्याआधी एका कागदावर लिहून ठेव, काय दिसलं तर मी हे चालू ठेवीन आणि काय दिसलं तर थांबवीन. नंतर ठरवलं तर आपलं मन आपल्याच बाजूनं कौल देतं.

तुझ्या शेजारच्या वर्गावरच्या बाईंना पहिल्या दिवसापासून सोबत घे. त्या रोखठोक बोलतात असं तूच लिहिलंयस. अशाच माणसाची गरज आहे. मुद्रण ऐकून झाल्यावर त्या गणिताच्या बाईंसारख्या मुलांकडून चिठ्ठ्या लिहून घे, त्या दोघांनी वेगवेगळ्या वाचा आणि मग ताडून बघा. घटक कोणता निवडलास आणि त्या कागदावर काय लिहिलंस, ते मला लगेच कळव. शक्य झालं तर मुलांनी केलेलं पहिलं मुद्रणही पाठव, कसं का झालं असेना. मी ऐकून मोकळेपणानं लिहीन.

तुझाच,
मित्र