रेवदंड्याच्या तटाआतल्या गावासाठी

मा. पर्यटन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

अलिबागहून मुरुडला जाणारा रस्ता रेवदंड्यात किल्ल्याच्या तटातून गावात शिरतो. सुट्टीच्या दिवशी तिथे गाड्यांची रांग लागते, पण आपण किल्ल्यात आलो हे आतल्या बहुतेकांच्या गावीही नसते. सगळ्यांना किनारा गाठायचा असतो.

कुंडलिका खाडीच्या मुखाशी पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात बांधलेले हे तटबंद ठाणे. १५७०-७१ मध्ये निजामशाही फौजेने वेढा घातला, तरी ते पडले नाही. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली आणि पुढच्याच वर्षी रेवदंडाही मराठ्यांकडे आला. आज तटाच्या आत नांदते गाव आहे. वाडीत शिंपणे चालू असते आणि पोफळींच्या रांगेमागे एकदम जुन्या चर्चची भिंत समोर येते. फ्रान्सिस्कन मठाच्या सातखणी मनोऱ्याचे चारच मजले उरले आहेत. जवळ तोफा पडल्या आहेत, पोरे त्यांवर बसून फोटो काढतात. तोफ कुणाची, मनोरा कशाचा, हे त्यांना कोण सांगणार?

२०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा झाले, त्यांत आमच्याच तालुक्यातला खांदेरी आहे. अभिमान वाटला. रेवदंडा त्या यादीत नाही, पण रशियन व्यापारी निकितिनचे स्मारक, बेने इस्रायलांचे, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचे, सिनेगॉग आणि खाडीपलीकडे कोर्लईत आजही बोलली जाणारी पोर्तुगीज-मराठी वळणाची बोली, इतके सगळे एका दिवसात दुसरीकडे कुठे बघायला मिळते?

साहेब, कृपा करून इथे सेल्फी पॉइंट किंवा रोषणाई नको. रस्ता तटातून जातो तिथे ठळक मराठी फलक हवेत, गाड्या बाहेर लावायला जागा हवी, स्वच्छतागृह हवे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गावातल्याच मुलामुलींना वाटाड्याचे प्रशिक्षण आणि मानधन द्या. पाहुण्याला कुणाच्या वाडीतून न्यायचे आणि कुठे आधी विचारायचे, हे त्यांनाच ठाऊक. वाडीवाल्यांना विश्वासात न घेता आखलेली कुठलीही योजना इथे टिकणार नाही.

एकदा स्वतः या. भरती-ओहोटीचे वेळापत्रक बघून निघा, म्हणजे समुद्राच्या अंगाने तटाच्या कडेकडेने चालता येईल, आणि भिंतींत मुळे कुठवर शिरली आहेत तेही दिसेल.

आपला विनम्र,
अलिबाग तालुक्यातील एक रहिवासी