पेस्ट कंट्रोलच्या नोंदवहीबाबत सोसायटी अध्यक्षांना पत्र

टिळकवाडी, बेळगाव
दि. १० ऑगस्ट

मा. अध्यक्षसाहेब व कमिटी सदस्य यांस,
सप्रेम नमस्कार.

विषय : सोसायटीतील औषध फवारणी व उंदरांच्या औषधाची लेखी नोंद

गेल्या महिन्यात आमच्या तीन वर्षांच्या नातीच्या हातात जिन्याखालची उंदरांच्या औषधाची निळी वडी सापडली. तोंडात गेली की नाही, कुणी पाहिलं नव्हतं. दवाखान्यात डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "औषध कोणतं?" मी वॉचमनला फोन लावला, त्यानं सेक्रेटरींना, त्यांनी पेस्ट कंट्रोलवाल्याला. त्याचा फोन बंद. ब्रोमाडायोलोन असेल तर रक्त गोठेनासं होतं, लक्षणं दोन-तीन दिवसांनी दिसतात आणि व्हिटॅमिन के-१ हा त्यावर उतारा आहे. झिंक फॉस्फाईड असेल तर पोटात फॉस्फीन वायू तयार होतो आणि त्याला उताराच नाही. नाव कळेना म्हणून डॉक्टरांना दोन्ही शक्यता धरून चालावं लागलं. पोर रात्रभर दवाखान्यात होती. आता सुखरूप आहे. पण माझ्या सुनेला अजून रात्री दचकून जाग येते.

मी ३४ वर्षं धान्याच्या गोदामात नोकरी केली. तिथं प्रत्येक थप्पीला कार्ड लटकवलेलं असायचं: कीड कधी दिसली, धुरी कधी दिली, औषध कोणतं, किती, कुणी दिलं. कार्ड कोरं असेल तर साहेब थप्पीला हात लावू देत नसत. आपण तर माणसांच्या घरात औषध मारतो, आणि आपल्याकडे फक्त बिलांची फाईल आहे. बिलावर काय, तर "जनरल पेस्ट कंट्रोल". एवढंच.

नोंद नसल्यानं पैसाही वाया जातो. फेब्रुवारीत एका माणसानं सगळ्या स्वयंपाकघरांत झुरळांसाठी जेल लावलं. पंधरा दिवसांनी दुसऱ्यानं येऊन त्याच कपाटांत फवारा मारला. फवाऱ्याच्या वासानं झुरळं जेलकडे फिरकत नाहीत, म्हणजे दोन्ही औषधं फुकट. आधी काय लावलंय हे दुसऱ्याला सांगणार कोण?

आपल्यापैकी बऱ्याच जणांची खानापूरकडे शेती आहे. शेतात कामगंध सापळ्यात (मादीच्या वासानं नर पतंगाला ओढणारा सापळा) पतंग किती सापडले ते आधी मोजतात आणि मग फवारणीचं ठरवतात. एकात्मिक कीड व्यवस्थापन म्हणतात ते हेच. तेच इथं करू. जिन्याखाली, मीटररूममध्ये, कचऱ्याच्या खोलीत चिकट सापळे ठेवायचे, दर आठवड्याला झुरळं मोजून आकडा लिहायचा. वाढ दिसेल तिथंच औषध. उंदराची बीळं, ड्रेनेजची फुटकी झाकणं यांचीही नोंद हवी, आणि ती कधी बुजवली, बदलली याची तारीखही. माझ्या मते औषधापेक्षा ही तारीख मोलाची.

औषध मारलंच, तर वहीत डब्यावरचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, त्रिकोणाचा रंग (लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा), किती वापरलं, कुठं, आणि मारणाऱ्याची सही. उंदरांच्या वड्या किती ठेवल्या आणि किती परत उचलल्या, हे आकडे तर हवेतच. एक वडी कमी भरली तर ती सापडेपर्यंत मुलांना जिन्याखाली जाऊ द्यायचं नाही. व्यावसायिक पेस्ट कंट्रोलला कीटकनाशक कायदा, १९६८ खालच्या नियमांप्रमाणे परवाना लागतो. त्याची झेरॉक्स पहिल्या पानाला चिकटवावी.

पाऊस चालू आहे, म्हणून टाक्यांचंही त्याच वहीत यावं. डेंग्यूच्या डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ साधारण आठ-दहा दिवसांत होते, म्हणून दर आठवड्याला बॅरल, कुंड्यांखालच्या ताटल्या कोरड्या करायच्या. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन्महिने जगतात. काथ्यानं घासायला हवं.

एक विनंती मनापासून. आपले वॉचमन आणि सफाईच्या मावशी मराठी छान बोलतात, पण लिहायचं तर कन्नडच. वहीचे रकाने दोन्ही भाषांत छापून घेऊ. ज्यांच्या हातात औषधाचा डबा असतो त्यांना वही वाचता यायलाच हवी.

वही मी शहापूरहून आणून रकाने आखून देतो. पहिले सहा महिने दर शनिवारी सापळे मोजायला मीच येईन. गणपतीत घरोघरी पोरंबाळं येतील, त्याआधीच्या मीटिंगमध्ये हा विषय घ्यावा, आणि सध्या जिन्याखाली ज्या वड्या आहेत त्या उद्याच मोजून उचलायला सांगावं.

आपला,
पहिल्या मजल्यावरील एक रहिवासी