श्रवणयंत्र देताना दोन्ही कानांचा विचार व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

श्रवणयंत्र वाटपाची शिबिरे आता कोकणात तालुक्याच्या गावीही होतात, याचा आनंद आहे. मात्र मी पाहिलेल्या शिबिरात तपासणी झाली ती शांत खोलीत, एकेका कानाची, नुसते सूर ऐकवून, बोललेल्या वाक्यांवर नव्हे. दोन्ही कान मंद असलेल्यालाही यंत्र एकच मिळाले.

माझे चुलते हर्णै बंदरावर मासळी घेतात. त्यांच्याही एकाच कानाला यंत्र आहे. घरी ओटीवर बोललेले त्यांना ते लावून नीट कळते. संध्याकाळच्या लिलावात मात्र समोर बोली चालू, उजवीकडे टेम्पो घरघरतोय, अशा वेळी ‘अठराशे’ त्यांना ‘आठशे’ वाटते. आवाज येतो, शब्द लागत नाही. या धंद्यात त्याचा अर्थ काय, हे सांगायला नको.

गोंगाटात बोलणे किती समजेल, याचा अंदाज आधी बांधता येतो. १९४७ साली अमेरिकेतल्या बेल टेलिफोन प्रयोगशाळेतल्या फ्रेंच आणि स्टाइनबर्ग या संशोधकांनी त्याची गणिती पद्धत मांडली. पण ती टेलिफोनच्या कामातली, म्हणजे एका कानाची. टेम्पो उजवीकडे असेल तर डोक्याच्या आडोशामुळे डाव्या कानाला त्याचा आवाज, विशेषतः वरच्या पट्टीतला, कमी पोहोचतो. शिवाय तो तिथे सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळाने, पण उशिरा पोहोचतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू दोन्ही कानांतला गोंगाट जुळवून घेतो आणि वजा करतो, असे गणित अमेरिकी संशोधक डर्लाख यांनी १९६३ मध्ये मांडले. २००६ मध्ये बॉइटेलमान आणि ब्रांड या जर्मन संशोधकांनी या दोन्ही कल्पना जोडून, दोन्ही कानांनी ऐकणाऱ्याला किती समजेल याचा अंदाज देणारी पद्धत प्रसिद्ध केली. ही वजाबाकी करायला मेंदूला दोन्ही कानांकडून आवाज मिळावा लागतो. चुलत्यांचा एक कान आम्ही तसाच सोडून दिला आहे.

दोन यंत्रांनी सगळेच सुटेल असेही नाही. पत्र्यावर पाऊस कोसळत असला की गोंगाट सगळीकडून येतो, तिथे दुसऱ्या कानाचा फायदा कमी होतो. घुमणाऱ्या सभागृहातही तसेच. ग्रामसभेत तर माइक नीट असणे आणि म्हाताऱ्या माणसांना पुढे बसवणे हाच उपाय.

वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवणदोषांवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने कोकणातील शिबिरांसाठी मराठी वाक्यांची तपासणी घालून द्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. समोरच्या स्पीकरवरून वाक्य, बाजूच्या स्पीकरवरून गोंगाट. आधी एक यंत्र लावून, मग दोन. फरक पडत असेल त्याला दोन्ही यंत्रे द्यावीत. आणि बंदरपट्ट्यातली शिबिरे मासेमारी बंदीच्या काळात, जून-जुलैत ठेवावीत. तेव्हा ही माणसे घरी असतात. खोली तेवढी पत्र्याची नको.

आपला नम्र,
एक वाचक, दापोली (जि. रत्नागिरी)