आठ सेकंदांची पट्टी

सांगली
रविवार, रात्री उशिरा

प्रिय नंद्या,

स. न. वि. वि. लिहिणार होतो, पण व्हॉइस मेसेजमध्ये तू मला ‘गुरुजी’ म्हणालास, तेव्हा नुसताच नमस्कार घे. साडेचार मिनिटांचा मेसेज आणि त्यात प्रश्न एकच: मेलोट्रॉनचे, म्हणजे पट्टीखाली टेप असलेल्या त्या जुन्या कीबोर्डचे सॅम्पल्स (कॉम्प्युटरवर वाजवायचे त्याचे रेकॉर्ड केलेले सूर) घ्यायचेत, बाजारात डझनभर दिसतात, त्यातले कुठले घेऊ? फोनवर सांगायला गेलो तर तू मध्येमध्ये तोंड घालणार, म्हणून लिहितोय. चहा घेऊन बस.

आधी माझी फजिती ऐक. गेल्या वर्षी राज्य नाट्य स्पर्धेसाठी आम्ही जे नाटक बसवलं, त्यात दुसऱ्या अंकात म्हातारा एकटाच पत्ते पिसत बसतो. तीन मिनिटं एक शब्द नाही. आमचा दिग्दर्शक मला म्हणाला, “इथं बासरी हवी, पण बासरी नको.” मला वाटलं, रात्रीच्या तालमींनी याचं डोकं फिरलं. पण त्याचं बरोबर होतं. आपल्याकडे रंगमंचावर बासरी वाजली की प्रेक्षकाला एक तर यमुनाकाठ दिसतो, नाही तर तुपाची जाहिरात. मग मला आपलं होस्टेल आठवलं आणि तुझी ती घासून घासून पांढरी पडलेली बीटल्सची कॅसेट. ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ सुरू होतं तो आवाज बासरीचाच, पण कुठल्याही माणसाच्या ओठांना न लागलेल्या बासरीचा. 1967 चं गाणं. ती सुरुवात मॅकार्टनीनं मेलोट्रॉनवर वाजवलेली आहे, हे आपल्याला तेव्हा कुठं ठाऊक होतं.

मग काय, त्याच रात्री अशा सॅम्पल्सची एक लायब्ररी विकत घेतली. नाव सांगत नाही. चित्रात लाकडी पेटारा, त्यावर सिगारेटचे डाग, ‘जुनेपणा’ वाढवायला एक मोठं बटण. पाच मिनिटं मी भारावून गेलो. दुसऱ्या दिवशी तालमीला लावलं, तर दिग्दर्शक म्हणतो, “हे मालिकेत सून जिना उतरते तेव्हाचं आहे.” पैसे परत मिळत नाहीत, हे बारीक अक्षरात लिहिलं होतं, ते नंतर वाचलं.

बिघडलं कुठं, हे कळायला मला दोन दिवस लागले. व्हायोलिनचा एक कॉर्ड धरून त्यावर जड डायरी ठेवली आणि चहा टाकायला गेलो. चहा झाला, गाळला, परत आलो, तरी कॉर्ड चालूच. नंद्या, तिथंच सगळं बोंबललं होतं. मेलोट्रॉन असा वाजूच शकत नाही.

आपल्या मराठीत याची गंमत अशी की पेटीची पट्टीही पट्टीच आणि टेपची पट्टीही पट्टीच, आणि मेलोट्रॉनमध्ये एका पट्टीखाली खरोखरच दुसरी असते. सगळ्यात जास्त खपलं ते एम 400 हे मॉडेल, 1970 चं. पस्तीस पट्ट्या, खालच्या पांढरी पाचपासून वरच्या पांढरी चारपर्यंत. प्रत्येकीखाली टेपचा स्वतंत्र तुकडा, जवळजवळ एक सेंटिमीटर रुंद, त्यावर शेजारी शेजारी तीन ट्रॅक: समजा बासरी, व्हायोलिन आणि चेलो. पट्टी दाबली की टेप हेडवर टेकते आणि सतत फिरत असलेला दांडा ती पुढं ओढू लागतो. साधारण आठ सेकंदांत टेप संपते आणि आवाज थांबतो. बोट उचललंस की स्प्रिंग टेप मागे खेचते आणि ती पुन्हा पहिल्यापासून तयार. टेपचं वेटोळं केलं असतं तर सूर हवा तेवढा लांबवता आला असता, पण मग दाबशील तेव्हा सूर कुठून तरी मधूनच सुरू झाला असता. बासरीत फुंकर भरण्याचा तो पहिला क्षण, व्हायोलिनवर गज टेकण्याचा क्षण, तो दर वेळी पहिल्यापासून मिळावा म्हणून हा तुकड्यांचा खटाटोप.

आणि मेलोट्रॉन तुझ्याच बर्मिंगहॅममध्ये जन्मला, माहीत आहे का? कॅलिफोर्नियात हॅरी चेंबरलिन नावाचा माणूस टेपवर वाजणारी अशी वाद्यं आधीच बनवत होता. त्याचा विक्रेता बिल फ्रान्सन 1962 मध्ये त्यातली दोन घेऊन इंग्लंडला आला आणि एकसारखी सत्तर टेप-हेड कोण बनवून देईल, याचा शोध घेऊ लागला. बर्मिंगहॅमच्या ब्रॅडमॅटिक कंपनीच्या ब्रॅडली बंधूंनी हो म्हटलं. यंत्र मुळात दुसऱ्याचं आहे, हे त्यांना कळलं ते नंतर. मग चेंबरलिनशी रीतसर व्यवहार झाला आणि 1963 पासून मेलोट्रॉन बर्मिंगहॅमलाच तयार होऊ लागला. पैसे घालणाऱ्यांत डेव्हिड निक्सन नावाचा टीव्हीवरचा जादूगारही होता. हा पेटारा दिवाणखान्यात ठेवून घरच्या घरी ऑर्केस्ट्रा वाजवायचा, अशी कल्पना. वादकांची संघटना धास्तावली होती म्हणतात. आपल्याकडे ऑक्टोपॅड आला तेव्हा ढोलकीवाल्यांचे चेहरे कसे झाले होते, आठवतंय ना? पण वाद्य उचललं ते पोरांनी. मूडी ब्लूज या बँडचा माइक पिंडर तर आधी याच कारखान्यात नोकरीला होता.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. कुठलाही डेमो उघडलास की आधी एक सूर धर आणि तीनताल मोज. सेकंदाला दोन मात्रा, म्हणजे आठ सेकंदांत बरोब्बर एक आवर्तन. समेच्या आसपास आवाज संपला तर पुढं बघ. तसाच वाहत राहिला तर त्यांनी मधला तुकडा फिरवत ठेवलाय. काही ठिकाणी लूप बंद करायची सोय असते, पण बंद केल्यावर तीन सेकंदांतच आवाज विझला तर मूळ रेकॉर्डिंगच तेवढं आहे, हे समज. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यात ठरावीक वेळानं तेच ‘टंग्’ परत आलेलं एकदा कानाला कळलं की रियाजात दुसरं काही ऐकू येत नाही. लूप केलेल्या व्हायोलिनचं अगदी तसंच होतं.

मग शेजारशेजारच्या पट्ट्या एकेक करून वाजव, काळ्यापांढऱ्या सगळ्या. घाई करू नकोस. माझ्या त्या पहिल्या लायब्ररीत पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन या तिन्हींत व्हायोलिनवाल्याचा हात अगदी एकाच जागी थरथरायचा, फक्त वरच्या सुरात जरा घाईनं. म्हणजे एकच रेकॉर्डिंग ताणून तीन पट्ट्यांवर बसवलेलं. खऱ्या यंत्रासाठी वादकांनी पस्तीस सूर पस्तीस वेळा वाजवले होते. एखाद्या सुरात गज जरा उशिरा टेकलाय, एखाद्यात फुंकर आधी आणि सूर मागून, एखादा किंचित उतरलेला. मिरजेत एकाच भोपळ्याच्या वेलावरचे दोन तानपुरे एकसारखे बोलत नाहीत, आणि तसे बोलावेत अशी कुणाची अपेक्षाही नसते. ज्या संचात पस्तीसच्या पस्तीस सूर वेगळे आहेत, तोच घे. माहितीत हे लिहिलेलं असतं, पण कानानं खात्री कर.

‘जुनेपणा’च्या बटणाचं तर नावच काढू नकोस. आमचा मामा हौशी नाटकांना स्पूलवर पार्श्वसंगीत द्यायचा, तू त्याला पाहिलायस, गणपतीत यायचा तो. गावोगावचे प्रयोग. लाइट डीम झाली की स्पूल सुस्तावायचा आणि शहनाई रडायला लागायची. पण ते रडणं दर वेळी निराळं, कारण कुठं व्होल्टेज कमी, कुठं पट्टा सैल, कुठं रबरावर धूळ. मेलोट्रॉनमध्ये तर एकच मोटर सगळ्या टेपा ओढते. एक बोट असेल तर ठीक, सात-आठ बोटं एकदम पडली की ती दमते, त्यात प्रत्येक टेपचा दाब वेगळा, म्हणून कॉर्डमधला एकेक सूर आपापल्या परीनं हलतो. स्वस्तातल्या सॉफ्टवेअरमध्ये सगळा कॉर्ड एकत्र हलतो, झोपाळ्यावर बसवल्यासारखा. ते ऐकून मला गाडी लागल्यासारखं होतं.

यात एक खरा पेच आहे, आणि त्यावर जाणकारांतही एकमत नाही. काही संच थेट स्टुडिओतल्या मूळ मास्टर टेपवरून घेतलेले असतात, काही चालू स्थितीतलं जुनं यंत्र समोर ठेवून पट्टी-पट्टी वाजवून. पहिली कोरी कढई, दुसरी वापरून काळी झालेली. जो तो आपलंच खरं म्हणतो. माझं म्हणशील तर व्हायोलिन आणि कोरस वापरलेल्या कढईतले घ्यावेत. किंग क्रिम्सन या बँडच्या 1969 च्या पहिल्या अल्बमवरची ती व्हायोलिनं यंत्राच्या घरघरीसकट मोठी वाटतात. बासरी मात्र मी मास्टरवरची घेतली, कारण ती एकटी वाजणार होती आणि आमच्या नाट्यगृहाच्या स्पीकरला स्वतःचीच भरपूर घरघर आहे.

नावं हवीत ना तुला? जीफोर्सचा एम-ट्रॉन प्रो मी वापरतो. आवाजांचा साठा प्रचंड, आणि सूर आठ सेकंदांनी संपतो. आर्टुरियाचाही आहे, पडद्यावर यंत्र छान दिसतं, त्यांचे बाकीचे कीबोर्ड तुझ्याकडे असतील तर सोयीचा. स्टेजवर कॉम्प्युटर नको असेल तर मेलोट्रॉनच्याच नावानं 2010 पासून एम 4000 डी हे डिजिटल वाद्य आहे, पण त्या पैशात आपण दोघांनी कोकणात आठवडा काढला असता. आणि तू बर्मिंगहॅमला आहेस, तर एक काम कर. ब्रॅडलींची पुढची पिढी स्ट्रीटली इलेक्ट्रॉनिक्स या नावानं याच धंद्यात आहे, 2007 मध्ये त्यांनी पुन्हा खऱ्या टेपचं वाद्य काढलं. कधी ऐकायला मिळालं तर विकत घेण्याआधी एक खरं यंत्र ऐक. जुना एम 400 पन्नास किलोंच्या वर भरतो, त्यामुळे मोहात पडून घरी आणशील ही भीती नाही.

घेतल्यावर पहिलं काम म्हणजे व्हेलॉसिटी, म्हणजे पट्टीवरच्या जोरानुसार आवाज बदलण्याची सोय, बंद कर. खऱ्या यंत्राला तू पट्टी हळू मारलीस की जोरात, काही फरक पडत नाही. टेप तेवढीच वाजते. पियानोचा हात असल्यामुळे सुरुवातीला तुला हे निर्जीव वाटेल, मलाही वाटलं. आवाज लहानमोठा करायला पायात व्हॉल्यूम पेडल ठेव, अगदी पेटीच्या भात्यासारखा. आणि पस्तीस पट्ट्यांच्या बाहेर जाऊ नकोस, सॉफ्टवेअर जाऊ देत असलं तरी.

त्या म्हाताऱ्याच्या प्रसंगाला आठ सेकंदांनी माझी फार अडचण केली. कॉर्ड धरला की सम जवळ येतेय, येतेय, आणि आता संपणार. मग शिकलो: सगळी बोटं एकदम उचलायची नाहीत. करंगळी सोडून परत टेकवायची, मग अंगठा, मग मधलं बोट, कोळी चालल्यासारखं. त्यामुळे एक सूर संपत आलेला, दुसरा नुकताच फुंकलेला, असा कॉर्ड आतून सतत बदलत राहतो. तिसऱ्या तालमीला आमचा म्हातारा माझ्याकडे न बघताच पत्ते त्याच लयीत टाकायला लागला. दिग्दर्शक काही बोलला नाही. सिगारेट विझवली आणि ‘पुढं’ म्हणाला. आम्हाला बक्षीस बिक्षीस काही मिळालं नाही, ते सोड.

आता एक गुपित. गुरुवारी तुझ्या घरी गेलो होतो, आईंना भेटायला. तब्येत बरी आहे, गुडघा कुरकुरतोय, तुला सांगू नको म्हणाल्या, म्हणून सांगतोय. माळ्यावरून तुझ्या आजोबांची पेटी काढली आणि रेकॉर्डर लावून खालपासून वरपर्यंत प्रत्येक पट्टी आठ-आठ सेकंद वाजवली, एका भात्यात एक सूर. सदतीस फाइली झाल्या, उद्या पाठवतो. मधल्या सप्तकातली काळी दोन अजून आधी खाकरते आणि मग बोलते, तुझे आजोबा भजनात तिला टाळून जायचे तीच. वरच्या पांढरी सहामध्ये कुकरची शिट्टी आलीय. आई म्हणाल्या पुन्हा वाजव, मी म्हटलं राहू दे.

हो, आणि पेटी दुरुस्त करणारा बुधवारी येणार होता. त्याला तूर्तास येऊ नको म्हणून सांगितलंय. तुला चालेल ना, ते कळव.

तुझा,
बाळ्या