‘एक चमचा’ नको, मिली लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मंगळवार पेठेत माझं औषधाचं दुकान आहे. पावसाळा लागला की लहान मुलांच्या तापाच्या चिठ्ठ्या वाढतात. त्यातल्या कितीतरी चिठ्ठ्यांवर औषधाचं नाव आणि पुढं ‘एक चमचा, तीन वेळा’ एवढंच असतं. पॅरासिटामॉलचं पातळ औषध मात्र एकाच ताकदीचं नसतं. 5 मिलीत 120 किंवा 125 मिलिग्रॅमचं मिळतं, 250 चंही मिळतं, आणि तान्ह्या बाळांच्या ड्रॉप्समध्ये 1 मिलीतच 100 मिलिग्रॅम असतं. म्हणजे 125 च्या सिरपच्या चौपट! आजी मात्र म्हणतात, “बाळाचं औषध हलकंच असतंय, देतो की अर्धा चमचा.” अर्धा चमचा म्हणजे अडीच मिली, म्हणजे 250 मिलिग्रॅम. सहा किलोच्या बाळाला एका वेळी फार तर 90. असा जास्तीचा डोस पुन्हा पुन्हा गेला तर यकृताला इजा होते.

हिशेब शाळेतल्या त्रैराशिकाचाच आहे. एका डोसला दर किलो वजनामागं साधारण 10 ते 15 मिलिग्रॅम धरतात. दहा किलोच्या मुलाला डॉक्टरांनी 150 ठरवले आणि बाटली 250 ची असेल, तर 150 गुणिले 5, भागिले 250: 3 मिली. 125 च्या बाटलीतून तेच 6 मिली. एक कंपनी संपली म्हणून दुसरी देताना नेमका हाच आकडा बघायचा राहून जातो.

त्यात घरचे चमचे. मी पाण्यानं मोजून पाहिलेत, कुठल्यात 3 मिली मावतं, कुठल्यात 7. मापाचं टोपण नाहीतर बिनसुईची सिरिंजच वापरावी. पावडरीच्या अँटिबायोटिकमध्ये उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंतच घालावं, कमी-जास्त झालं की मिलीचा हिशेबही चुकला.

डॉक्टरांना कळकळीची विनंती, चिठ्ठीवर मुलाचं वजन, मिलिग्रॅम आणि मिली, तिन्ही लिहा. आम्ही दुकानदारांनी बाटलीवर मिलीचा आकडा मराठीत ठळक लिहून चिकटवावा. पालकांनी मनानं डोस ठरवू नये, पण बाटली बदलून मिळाली तर मिली तेवढेच का, हे काउंटरवर जरूर विचारावं. विचारल्यावर कुणी वैतागत असेल, तर औषध दुसऱ्या दुकानातून घ्यावं.

आपला,
एक फार्मासिस्ट, मंगळवार पेठ, कोल्हापूर